ठिबकावर पनवेलकर

पनवेलमध्ये आजारी पडणं सोपं आहे. ज्या गावात १८७२ पासून धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना आहे, तिथे जो तो जन्मतःच अर्धा वैद्य असतो आणि उरलेला अर्धा शेजारी पुरवतात. तुम्ही नुसते शिंकलात तरी खालच्या मजल्यावरून सितोपलादि येतं, वरच्या मजल्यावरून काढा येतो, आणि समोरच्या बिल्डिंगीतले काका शहाळं घेऊन येतात. ते शहाळं ते स्वतःच पितात आणि स्वतःच्या बायपासची गोष्ट सांगून जातात. यात कोणी कोणाचे आभार मानत नाही. मानलेच, तर ‘अरेरे, ताप डोक्यात गेला वाटतं’ म्हणून आणखी एक काढा येतो. उपकार फेडायची आमची रीत एकच. पुढच्या वेळी काका आजारी पडले की आपण शहाळं घेऊन जायचं आणि आपण प्यायचं.

ही व्यवस्था गावापुरती उत्तम चालते. पंचाईत होते ती परदेशात आजारी पडल्यावर. ज्यांनी आपलं केलं ते कधी आजारी पडणार, आपल्याला कसं कळणार, आणि शहाळं विमानात घेऊ देणार का?

२०१८ च्या मे महिन्यात मी इस्रायलला गेलो, आणि तेही शेतकरी म्हणून. तेल अवीवला दर तीन वर्षांनी ॲग्रीटेक नावाचं शेतीचं मोठं प्रदर्शन भरायचं. आपल्याकडून नाशिक-जळगावचे बागायतदार दौरे काढून तिकडे जायचे. त्यातल्या एका दौऱ्यात माझ्या मेहुण्यांचं नाव होतं. त्यांच्या लेकीचा साखरपुडा नेमका त्याच आठवड्यात निघाला आणि भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून घरच्यांनी मला शेतकरी केलं. माझी शेती म्हणजे गॅलरीतला कढीपत्ता, आणि त्यावरही मावा. पहिल्या दिवशी बसमध्ये ओळखपरेड झाली. निफाडच्या आबांनी द्राक्षाच्या जाती सांगितल्या, रावेरच्या भाऊंनी केळीचे घड सांगितले. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, “आमच्या घरची जमीन विमानतळाखाली गेली.” नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन त्याच फेब्रुवारीत झालं होतं. बस क्षणभर हळहळली. मग मागून कोणीतरी ‘मोबदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमीन’ असं कुजबुजलं, आणि हळहळ जी गेली ती परत आली नाही.

आमचा ड्रायव्हर राहात गावचा अरब होता. त्याने माझं गाव विचारलं. पनवेल म्हटल्यावर त्याने गाडीचा वेग कमी केला, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “सलमान खान! फार्महाऊस!” जगाच्या नकाशावर आमच्या गावाची खूण एवढीच आहे, इलाज नाही. जोधपूरचा जामीन नुकताच झाला होता, त्यामुळे “सुटला ना तो? बरा आहे ना?” ही चौकशी त्याने इतक्या कळकळीने केली की मी कुटुंबाच्या वतीने ‘बरा आहे’ म्हणालो. तिथून पुढे मी त्याचा खास माणूस झालो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला खांद्यावर टाकून त्यानेच नेलं.

नेगेव्हच्या वाळवंटात आम्हाला ठिबक दाखवायला नेलं होतं. त्याची गोष्ट आबांना पाठ होती. सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनिअरला रांगेतलं एकच झाड जोमाने वाढलेलं दिसलं; बघतो तर त्याच्या मुळाशी नळ गळत होता. त्या गळतीवर तो अनेक वर्षं विचार करत राहिला आणि १९६५ साली बिरशेबाजवळच्या हात्झेरिम किब्बुत्झबरोबर त्यातून ठिबकची कंपनी उभी राहिली. पनवेलमध्ये गळके नळ घरोघरी आहेत. आम्ही त्यावर विचार करत नाही, प्लंबरला फोन करतो. तोही विचार करत नाही.

आता आजाराचं कारण. पनवेलचा माणूस उन्हाळा घामावरून मोजतो. शर्ट पाठीला चिकटला की गरम होतंय, नाही चिकटला तर हवा छान आहे. नेगेव्हची हवा एवढी कोरडी की घाम येतो तो अंगावर थांबतच नाही, येता येताच उडून जातो. बिरशेबाला वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर; आमच्याकडे जुलै मनावर घेतो तेव्हा तेवढा एका दिवसातही पडतो. तेव्हा हवा छान आहे, शर्ट कोरडा आहे, या समाधानात मी दुपारपर्यंत उभा राहिलो आणि मग एका टोमॅटोच्या वाफ्यात हळूच आडवा झालो. ज्या गावात इस्रायल तलाव नावाचा तलाव आहे, त्या गावचा माणूस इस्रायलमध्ये जाऊन पाण्यावाचून पडावा, याला काय म्हणायचं ते आबांनी नंतर म्हटलं. इथे छापता येणार नाही.

गाईडने एकशे एक नंबर फिरवला. रावेरच्या भाऊंना आपल्याकडचा एकशे एक ठाऊक होता. “अहो, बंब कशाला बोलावता? माणूस पडलाय, आग लागली नाही!” हे त्यांचं ओरडणं मी शुद्धीच्या काठावरून ऐकलं. तिकडे तो रुग्णवाहिकेचा नंबर आहे. ती यायच्या आत ड्रायव्हरने मला उचलून बसच्या सावलीत नेलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि पुटपुटत काही म्हणत राहिला. दुवा असावी. सलमानचा उल्लेख तरी त्यात ऐकू आला नाही.

बिरशेबाच्या सोरोका हॉस्पिटलमध्ये मला खाटेवर टाकून सलाईन लावलं. डॉक्टर तिथलाच बेदुइन अरब, नर्स रशियाहून आलेली, पेशंट पनवेलचा, आणि शेजारी स्टुलावर निफाड. आबा सलाईनच्या नळीकडे टक लावून बघत होते. बराच वेळ थेंब मोजून झाल्यावर म्हणाले, “तासाला अर्धा लिटर. ड्रीपर बारीक आहे, पण मुळाशी नेमका सोडलाय.” ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते ठिबक सिंचन अखेर मी आतून बघितलं. आबांनी त्याचा फोटोही काढला आणि दौऱ्याच्या ग्रुपवर ‘प्रात्यक्षिक’ असं लिहून टाकला.

सुई दुसऱ्यांदा टोचली तेव्हा माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. पडद्यापलीकडे चहाच्या गाडीचा खडखडाट चालला होता, तो थांबला.

“कोण रे तो? आपल्यातला का?”

“हो,” मी म्हणालो.

“कुठला?”

“पनवेल.”

पडदा सर्रकन बाजूला झाला. निळं जाकीट घातलेली, पांढऱ्या कुरळ्या केसांची, चष्म्याला साखळी लावलेली एक बाई. हॉस्पिटलात ती विनामोबदला चहा-बिस्किटं वाटायचं काम करत होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “पनवेलात कुठे?”

“वडाळे तळ्याजवळ.”

“मग ठाणा नाक्यावर टांगे असतात का अजून?”

आमच्या गावच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरातली ती लेक. १९६४ साली चौदाव्या वर्षी आईबापांबरोबर निघून गेलेली. गावची लेक म्हणजे आपली आत्या, त्यामुळे नात्याचा प्रश्न तिथेच मिटला. मी ‘आत्या’ म्हटलं, तिने ‘बाळा’ म्हटलं, आणि रशियन नर्सला हिब्रूत काहीतरी सुनावलं. त्यानंतर सुई एकदाही चुकली नाही.

शनिवारी त्या देशात सगळं बंद असतं. बस नाही, दुकान नाही. दौरा जेरुसलेमला गेलेला, आबा जाताना माझ्या उशाशी राजगिऱ्याच्या वड्या ठेवून गेलेले. आत्या दुपारी उन्हातून चालत आली. डब्यात शुक्रवारीच शिजवून गरम ठेवलेला मऊ भात आणि लिंबाचं लोणचं. डॉक्टर आला तर तिने त्यालाही दोन चमचे भात खायला लावला. वाळवंटातला तो उंचापुरा माणूस आमच्या मऊ भाताचा घास तोंडात घोळवत उभा राहिला आणि अखेरीस त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

विमा कंपनीचाही फोन आला. पोटात दुखतंय का, डोकं दुखतंय का, यातलं काही विचारलं नाही. “हा आजार निघण्यापूर्वीपासून होता का?” मी म्हटलं, तहान लहानपणापासून आहे. तो दावा अजून पडून आहे.

संध्याकाळी सुट्टी मिळाली आणि आत्या मला घरी घेऊन गेली. आकाशात तारे दिसून शब्बाथ सुटला तसे एकेक करून शेजारी जमू लागले. एक बाई पेणच्या, एक गृहस्थ रोह्याचे, एक जोडपं अलिबागचं. सगळे सत्तरीच्या घरात, सगळ्यांच्या हातात आपापली गोळ्यांची डबी, सगळे मराठीत एकमेकांवर खेकसत होते. मला वाटलं, रायगड जिल्हा परिषदेची मीटिंग चुकून इकडे भरली. आत्याने माझ्यासाठी मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, खजूर, बाजूला केळी आणि बाकीची फळं. कोणी आजारातून उठलं, कोणाचं लग्न ठरलं की एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने ही मंडळी मलिदा करतात. आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. प्रार्थना हिब्रूतली, पण पोह्यांत गूळ कमी की जास्त हा वाद शुद्ध कोकणी वळणाचा. सगळा मलिदा एका मोठ्या पितळी परातीत होता. परात पनवेलहून आणलेली, असं आत्याने दोनदा सांगितलं. काठावर नाव कोरलेलं होतं, पण नेमका त्या नावावरच पोचा पडलेला.

मी आभार मानायचा प्रयत्न केला. रोह्याच्या गृहस्थांनी तो हाणून पाडला. “आमचं जहाज नवगावला फुटलं,” ते म्हणाले. “सात पुरुष आणि सात बायका, चौदा माणसं वाचली. ना भाषा, ना कपडे. तुमच्या लोकांनी ठेवून घेतलं. तेल गाळायला घाणे दिले. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून शनिवार तेली म्हणाले, पण कोणी ‘हाकला यांना’ नाही म्हणालं. आता एका पनवेलकराला अर्धा लिटर मिठाचं पाणी दिलं म्हणून तू हिशोब करतोस?” ही त्यांची पिढीजात कथा. दोन हजार वर्षांचा वायदा असलेलं कर्ज मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचा मुद्दा मला पटला नाही, कारण नवगावच्या त्या उपकारात पनवेलचा वाटा किती हे कुठेच नोंदलेलं नाही. पण तोंडात मलिदा होता.

आत्याला मात्र पाहुणचाराची दुसरी बाजूही माहीत होती. हे लोक इकडे आले तेव्हा इथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाच्याच चौकश्या लावल्या. लग्न लावायचं तर वंशावळ दाखवा म्हणाले. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसले आणि ती अट मागे घ्यायला लावली. “नव्या देशात माझ्या बाबांनी मला पहिली दाखवलेली जागा म्हणजे ते धरणं,” आत्या म्हणाली. मराठी माणूस समुद्रापलीकडे गेला तरी काय घेऊन जातो बघा.

निघताना मी एका पाकिटात थोडे शेकेल घालून टेबलावर ठेवले. आत्याने ते पाकीट उघडलं आणि मला जे बोलली, ते पनवेलहून नेलेल्या जुन्या शब्दभांडारातलं असल्यामुळे निम्मं मला कळलं नाही. निम्मं पुरेसं होतं.

परदेशात मराठी माणसाचं आजारपण काढणाऱ्यांची फेड कशी करायची, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत असताना तिथल्या एका मासिकात त्यांनी आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी मागितलेल्या मदतीबद्दल वाचलं आणि पत्र घातलं. १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदी त्यांच्या घरी जाऊन राहिली, त्यांना मावशी म्हणू लागली, आणि खालावत्या तब्येतीत त्या मावशीनेच तिला आपल्या घरी जपलं. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला आनंदीबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अस्थी अमेरिकेत मावशीकडे पाठवल्या गेल्या. पोकिप्सीला कार्पेंटरांच्या घरच्या दफनभूमीत त्या आहेत. एवढी फेड माझ्याच्याने होणारी नव्हती, आणि आत्यानेही ती मागितली नसती. आमच्या पनवेलच्या डेंटिस्टकडे मात्र मी तेव्हापासून टेबलावरची मासिकं नीट वाचतो. कोणी मदत मागितली असेल तर हुकू नये. सध्या तरी तिथे २०११ चा वास्तुशास्त्र विशेषांक आहे.

आत्याने आभार घेतले नाहीत, कामं सांगितली. एक, कडवे वाल पाठवायचे, कारण उपासाला जोडून वालाचं बिरडं खायचा त्यांचा सण आहे आणि तिकडे मिळतो तो वाल नुसता फुगतो, त्याला चव नाही. दोन, पनवेलचं घर बघून यायचं आणि अंगणात चाफा आहे का ते सांगायचं. पत्ता असा: ‘मशिदीच्या मागची आळी, समोर विहीर.’ कोकणातले जुने बेने इस्रायल सिनेगॉगला मशीदच म्हणतात. मुंबईचं मशीद स्टेशनही त्यांच्याच सिनेगॉगवरून ओळखलं जातं. तेव्हा मी १८४९ च्या आमच्या बेथ एल सिनेगॉगच्या मागे गेलो.

विहीर नव्हती. चाफा नव्हता. चार मजली इमारत होती, तळमजल्यावर मोमोजचं दुकान, वर स्कॉलरशिपचे क्लास. मालक पायरीवर बसले होते. मी नमस्कार करून विचारलं, “इथे पूर्वी कोण राहायचं हो?”

पनवेलमध्ये हा प्रश्न विचारू नये. गुंठ्याचा भाव असा असलेल्या गावात ‘पूर्वी कोण राहायचं’ असं विचारणारा माणूस एकतर एजंट असतो, नाहीतर वकील, नाहीतर सातव्या पिढीतला हिस्सेदार. मालकांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि रेक्झिनची फुगलेली बॅग घेऊन आले. खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, वारसनोंद. नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका २०१६ ची, आणि त्यांच्याकडे दोन्हींच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. “सगळं क्लिअर आहे साहेब,” ते म्हणाले. “वडिलांनी रोख पैसे मोजलेत.” मी म्हणालो, मला फक्त चाफा बघायचाय. यावर त्यांचा संशय दुप्पट झाला. झाडावर हक्क सांगणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता.

मी मोबाइलमधला आत्याचा फोटो दाखवला, हॉस्पिटल सांगितलं, सलाईन सांगितलं. हळूहळू बॅगेची चेन बंद झाली, पोह्यांची बशी आली. तेवढ्यात आतल्या झोपाळ्यावरून त्यांच्या आईंचा आवाज आला. “कोण? कुरळ्या केसांची ती? इस्रायलांची?”

“हो आजी. ओळखता का?”

“ओळखते म्हणजे? त्यांची जायची गडबड चालली होती, तेव्हा तिच्या आईने आमची पितळेची परात नेली मलिद्याला. उद्या देते म्हणाली. गेली ती गेली.”

मालक कानकोंडे झाले. मी पोहे खाली ठेवले. त्या परातीतून मी स्वतः खाल्लं होतं, म्हणजे कायद्याने मीही त्यात आलो.

ही हकीकत आत्याला कळवावी की नाही, यावर आमच्या घरात मतभेद झाले. बायकोचं म्हणणं, ज्या बाईने जीव वाचवला तिच्यावर परातीचा आळ घेऊ नये. मी फक्त चाफा नाही एवढंच कळवलं. वाल मात्र दरवर्षी जात राहिले. ठाण्याला आत्याच्या भाचीचं सासर आहे, तिच्याकडे नेऊन द्यायचे आणि पुढे कोणी जाणारं असलं की त्याच्या बॅगेत. मधल्या काळात आजींनी मला बाजारात गाठून परातीचं काय झालं, अशी चौकशी सुरू ठेवली होती.

२०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटल्यानंतर त्या भागातल्या, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या, बातम्या लावायला हात धजेना. राहातच्या ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे नव्हता. आत्याला मात्र फोन करत राहिलो. २०२५ च्या १९ जूनला सोरोकावर क्षेपणास्त्र पडल्याचं टीव्हीवर दाखवलं. ती इमारत नुकतीच रिकामी केलेली होती, हे नंतर कळलं. मी दिवसभर फोन लावत होतो. रात्री लागला. मागे भोंगा वाजत होता, एक लहान मूल रडत होतं, आणि ती बंदिस्त खोलीत सुनेबरोबर, नातवंडांबरोबर आणि पेणच्या बाईंबरोबर बसलेली होती.

“आत्या, बऱ्या आहात ना?”

“बरी आहे. तुझा आवाज असा का? पाणी पितोस ना?”

मला काही बोलायला सुचेना. मग जे सुचू नये ते सुचलं, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली परातीची गोष्ट मी एका दमात सांगून टाकली. पलीकडे भोंगा चालूच होता. आत्याने पेणच्या बाईंना गप्प केलं.

“तिला सांग,” ती म्हणाली, “परात आमचीच. काठावर माझ्या आईचं नाव आहे. पोचा पडलाय म्हणून वाचता येत नाही, त्याला मी काय करू? आणि या खेपेचे वाल तुझे गोडे निघाले, कडवे नव्हते. दुकान बदल.”